ग्रॅनोला म्हणजे गोड चिवडा, असं धरून चला

महिनाभर रोज सकाळी वाटीभर ग्रॅनोला (तेल-मधात घोळून भाजलेले ओट्स, सुकामेवा आणि बिया) आणि दूध घेतलं, पाकिटावर तर १४० कॅलरीच लिहिल्यात, तरी वजन किलोभर वाढलं कसं, असं तुम्ही विचारलंय. गफलत वाटीत आहे. ते १४० फक्त ३० ग्रॅमचे, म्हणजे जेमतेम चार मोठे चमचे. माझ्याकडच्या आमटीच्या वाटीत काठोकाठ ७० ग्रॅम बसला. झाले सव्वातीनशे. वर दीडशे मिली गायीचं दूध, त्याचे शंभरेक.

मी गेली काही वर्षं घरीच करते, तो हिशोब देते. ओट्स २०० ग्रॅम, बदाम ५०, भोपळ्याच्या बिया ५०, तेल ३०, मध ६०, भाजून झाल्यावर मनुका ३०. सगळं मिळून साधारण १,८८० कॅलरी आणि तयार माल ४०० ग्रॅमच्या आसपास. म्हणजे १०० ग्रॅमला ४७० कॅलरी. नुसत्या ओट्सच्या ३८०-३९० असतात.

मग मी हुशारी करून तेल आणि मध निम्मे केले. वाटलं, आता हलका होईल. मोजलं तर १०० ग्रॅममागे दहा-पंधरा कॅलरीच कमी! कारण तेल-मध कमी केलं तसं वजनही कमी झालं, आणि उरलेल्या मालात बदाम-बियांचा वाटा वाढला. साखर कमी झाली हा फायदा खरा, पण कॅलरी हटल्या नाहीत. कोरडा, तेलात घोळून भाजलेला पदार्थ तो. पातळ पोह्यांचा चिवडा वजन उतरावं म्हणून वाटीभर कुणी खात नाही, मग यालाच ती सूट का? (गंमत म्हणजे १८६३ साली अमेरिकेत डॉ. जॅक्सन यांनी याचा जो पूर्वज केला तो नुसता गव्हाच्या जाड्याभरड्या पिठाचा होता आणि इतका कडक की रात्रभर भिजवल्याशिवाय चावायचा नाही. तो कुणी वाटीवर वाटी खाल्ला नसणार.)

तरी टाकाऊ नाही हो. वरच्या प्रमाणात १०० ग्रॅमला १३-१४ ग्रॅम प्रथिनं आणि ८-९ ग्रॅम तंतू मिळतात, शिवाय बियांमधलं मॅग्नेशियम. फक्त 'ओट्समुळे कोलेस्टेरॉल उतरतं' याच्या भरवशावर राहू नका. त्यासाठी दिवसाला ३ ग्रॅम बीटा-ग्लुकन (ओट्समधला विरघळणारा तंतू) लागतं, म्हणजे सत्तरेक ग्रॅम ओट्स. ४० ग्रॅम ग्रॅनोलात ओट्स असतात वीसेक ग्रॅम.

विकतचा घेताना दर १०० ग्रॅममागची 'अ‍ॅडेड शुगर' बघा आणि घटकांची यादी वाचा. जो घटक वजनाने जास्त तो आधी, असा नियम आहे. साखर, मध, गूळ, ग्लुकोज सिरप असं वेगवेगळं लिहिलं की प्रत्येक नाव खाली सरकतं, बेरीज मात्र तीच राहते.

तुमचं पाकीट फेकू नका. दीडशे ग्रॅम घरचं दही, त्यात पपई किंवा सफरचंदाच्या फोडी, आणि वर २५ ग्रॅम ग्रॅनोला, कुरकुरीतपणापुरता. सगळं मिळून अडीचशे कॅलरी होतात. पहिला आठवडाभर काट्यावर मोजून घ्या, मग हाताला अंदाज येतो.