मॉडेल बंद झालं म्हणजे पार्ट बंद झाला असं नाही

ताई, तुमचा मायक्रोवेव्ह चालू होतो, दिवा लागतो, प्लेट फिरते, पण दूध गारच राहतं. त्यात कंपनीचा माणूस 'मॉडेल बंद झालंय, पार्ट येत नाही, नवा घ्या' म्हणून गेला. एवढ्यावरून भंगारवाल्याला हाक मारू नका.

मॅग्नेट्रॉन (अन्न तापवणाऱ्या लहरी तयार करणारा भाग) आणि त्याला जास्त दाबाची वीज पुरवणारे हाय व्होल्टेज कपॅसिटर, डायोड बनवणारे मोजकेच आहेत आणि त्यांचाच माल वेगवेगळ्या ब्रँडच्या ओव्हनमध्ये असतो. त्यामुळे दुकानात ओव्हनचं मॉडेल सांगून काही होत नाही, पार्टवर छापलेला नंबर सांगावा लागतो.

पण आधी गेलंय काय ते कळू द्या. गरम करायला लावल्यावर ओव्हनचा आवाज जड होतो का, घुमल्यासारखा? होत असेल तर ट्रान्सफॉर्मरपर्यंत सप्लाय पोचतोय, म्हणजे संशय डायोड, कपॅसिटर, मॅग्नेट्रॉनवर. आवाज बदलतच नसेल तर दाराच्या खटक्यामागचे मायक्रोस्विच किंवा कंट्रोल बोर्डावरचा रिले (वीज जोडणारा-तोडणारा छोटा भाग) पाहायला सांगा. स्विच अगदी स्वस्तातली वस्तू आहे, आणि पुष्कळदा तोच निघतो.

कव्हर मात्र घरी उघडू नका. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये जीव घेण्याइतका चार्ज राहू शकतो. तो उतरवायला आत रेझिस्टर असतो खरा, पण तोच गेलेला असला तर? जो मेकॅनिक कपॅसिटर डिस्चार्ज न करता हात घालतो, त्याला चहा पाजून परत पाठवा.

मॅग्नेट्रॉनच गेला असेल तर लेबलवरचा पूर्ण नंबर लिहून घ्या. नुसतं '२एम २१४' पुरत नाही, पुढची शेपटीही, म्हणजे त्यानंतरची अक्षरं-आकडेही हवेत. त्यावरून वायरच्या दोन पिना कुठल्या बाजूला आणि स्क्रूची भोकं कशी ते ठरतं. पंख्याची हवा मॅग्नेट्रॉनच्या फिन्समधून (गार करणाऱ्या पत्र्याच्या पट्ट्यांमधून) आरपार गेली पाहिजे, नाहीतर आडवा बसवलेला नवा मॅग्नेट्रॉनही तापून जाईल. तोंडाशी तारेच्या जाळीचं वॉशर असतं, ते राहून गेलं तर ठिणग्या उडतात. जुना मॅग्नेट्रॉन मात्र घेऊ नका, त्याचा फिलामेंट (आतली तापणारी तार) किती झिजलाय हे बाहेरून दिसत नाही. ट्रान्सफॉर्मर जुना चालतो, तो सहसा जात नाही.

नाशकात एम. जी. रोड, मेन रोडच्या बाजूच्या पार्टवाल्यांकडे आधी विचारा. सिडको-सातपूरच्या रिपेअरवाल्यांकडे उघडून ठेवलेले जुने ओव्हन असतात, स्विच किंवा प्लेटची मोटर त्यातून मिळून जाते. मोटर घेताना तिच्यावरचे व्होल्ट बघा: काही २१ व्होल्टच्या, काही थेट २२० च्या, दिसायला मात्र सारख्याच. इथे नाहीच जमलं तर पंचवटी एक्स्प्रेसनं मुंबईत दादर, तिथून लोकलनं ग्रँट रोड, की जवळच लॅमिंग्टन रोडचा इलेक्ट्रॉनिक्स बाजार. रविवारी जाऊ नका.

दार वाकडं झालं असेल किंवा बिजागरी ढिली असेल तर मी त्या ओव्हनवर रुपया घालणार नाही, तिथून लहरी बाहेर येऊ शकतात. बोर्ड जळला असेल तरी आधी भाव विचारा, कधीकधी नव्या ओव्हनच्या निम्मा होतो.

आणि कंपनीकडून 'पार्ट येत नाही' हे लेखी मागा. केंद्राच्या ग्राहक खात्यानं डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलंय, तक्रारीला १९१५ ही हेल्पलाइन आहे. तोवर मेकॅनिककडून लेबलचा एक आणि पिनांची बाजू दिसेल असा एक, असे दोन फोटो काढून घ्या आणि मला पाठवा, नंबर जुळवून देतो.