जुनी सायकल, होडीचा रंग

प्रश्न : माझी बावीस इंची जुनी काळी सायकल दिवसभर जेटीजवळ उभी असते. तिथून दोन सायकली चोरीला गेल्या. चोराची नजर जाऊ नये म्हणून ती ओबडधोबड रंगवावी म्हणतो. घरात होडीचा उरलेला रंग आहे, चालेल का? – एक वाचक, मालवण

उत्तर : नजर चुकवण्यापेक्षा विकायला अवघड करणं जास्त उपयोगाचं. काळ्या सायकली गावात ढिगाने असतात. पिवळा सांगाडा, निळा चिमटा (पुढचं चाक धरणारा) आणि निळं मागचं मडगार्ड अशी सायकल मात्र एकच असेल, आणि ती बाजारपेठेतून दुसऱ्याच कुणी नेली तर लोक ओळखतील. ब्रशच्या रेघा दिसल्या तर दिसू देत.

होडीच्या वरच्या फळ्यांना देतात तो इनॅमल चालेल. तळाला शेवाळ आणि शिंपले धरू नयेत म्हणून देतात, तो रंग नको. त्यात बहुधा तांबं असतं, आणि खाऱ्या दमट हवेत तांब्याच्या संगतीने लोखंड लवकर गंजतं.

काम दसऱ्यानंतर, कोरड्या हवेत काढा. आधी सांगाडा साबण लावून गोड्या पाण्याने धुवा. मीठ प्रायमरखाली राहिलं की तिथेच फुगे धरतात. मग ८० नंबरचा, नंतर २२० नंबरचा पॉलिश पेपर मारा. रेड ऑक्साइड प्रायमरचा एक पातळ हात द्या, रात्रभर सुकवा. त्यावर इनॅमलचे दोन पातळ हात, मध्ये २४ तास. जाड हात ओघळतो, आतून मऊ राहतो आणि साखळी घासली की पापुद्र्यासारखा निघतो. आठवडाभर सायकल बाहेर लावूच नका.

सीटच्या नळीवर किंवा क्रँकच्या (पायडलच्या दांड्याच्या) खाली सांगाड्याचा नंबर असतो. त्याचा फोटो काढा आणि त्यावर चिकटपट्टी लावूनच रंगवा. तो घासला गेला तर सायकल तुमची हे सांगायला पुरावा उरत नाही, आणि उलट तुमचीच सायकल चोरीची वाटते.

सगळं सुटं केलंच आहे तर क्रँकचे छर्रेही बदला : पाव इंची, दोन्ही बाजूंना अकरा-अकरा. क्रँक आसाला धरून ठेवणारी कॉटर पिन गंजून बसलेली असते. तिला आदल्या रात्री रॉकेल सोडा. नट पिनच्या टोकाशी येईल इतकाच सैल करा, क्रँकखाली लोखंडी पाइपचा टेकू द्या आणि मगच हातोडा घाला. टेकू नसेल तर घाव थेट छर्ऱ्यांच्या वाटीवर बसतो. नट पूर्ण काढून ठोकलंत तर आटे चेपतात. बसवताना दोन पिना एकमेकींच्या उलट दिशेने घाला, नाहीतर पायडल एका रेषेत येत नाहीत. आणि डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, हे विसरू नका.

चाकाच्या कुलपाने सायकल चालवता येत नाही, पण उचलून टेम्पोत टाकता येते. कुलपाची साखळी सांगाड्यातून आणि मागच्या चाकातून घेऊन खांबाला बांधा.

प्रश्न : गिअरच्या सायकलीची सीट स्टँडवरून काढून नेतात. उपाय? – एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : सीटच्या पट्ट्याला हाताने उघडणारी कळ असेल तर तिच्या जागी ॲलन बोल्ट (डोक्यात षटकोनी खाच असलेला) घाला. ५ मिमी चावीच्या खाचेत ३/१६ इंची छर्रा जवळजवळ घट्ट बसतो. तो बसवून वरून मेणबत्तीचं मेण ओता. चोराची चावी आतच जात नाही. तुम्हाला सीट काढायची झाली तर टाचणीने मेण कोरा आणि छर्रा चुंबकाने ओढून घ्या. नळीला आतून ग्रीस हवंच. खाऱ्या हवेत कोरडी सीट अशी धरते की मालकालाही निघत नाही.