परड्यातले उंदीर, घुशी आणि वानरं: कापणीच्या दिवसांत विष घालू नका

भातकापणी सुरू झाली की कोकणातून ठरावीक प्रश्न येतात. या वेळचे तीन. गुहागरकडून: "घुशीने परड्यातले कणगराचे कंद आणि रताळी पोखरली. झिंक फॉस्फाईड दोनदा घातलं, फरक नाही. दुकानदार म्हणतो डोस दुप्पट करा. करू का?" देवगडहून: "माडाची कोवळी फळं उंदीर भोकं पाडून खाली टाकतात, उपाय सांगा." वेंगुर्ल्याकडून: "दिवसा वानरं, रात्री डुक्कर. कुंपणाला थायमेटच्या पुड्या बांधल्या तर चालेल का?"

शेवटच्याचं उत्तर आधी देतो. नाही चालणार. थायमेट म्हणजे फोरेट हे दाणेदार कीटकनाशक, आणि त्यावर ३१ डिसेंबर २०२० पासून देशभर बंदी आहे. कुणाच्या दुकानात अजून मागच्या दाराने मिळत असेल तर तो तुमच्यावर उपकार करत नाही, त्याचा माल संपवतोय. ते दाणे पावसाने खाली येतात, कोंबड्या टिपतात, कुत्रं मरतं आणि परड्यात खेळणारं पोर हातात घेतं. बिळात थायमेट, विहिरीकडेच्या गडग्यात (दगडी बांधात) थायमेट, हे सगळं बंद.

आता घुशीचं. डोस वाढवू नका. पुन्हा सांगतो, कारण दरवर्षी हेच होतं: डोस वाढवू नका. झिंक फॉस्फाईड आमिषात शेकडा दोन पुरतं. त्याहून जास्त घातलं की घुशीला चवीवरून कळतं. ती थोडं चाखते, आजारी पडते, मरत नाही आणि मग तसल्या आमिषाकडे महिना-दोन महिने फिरकत नाही. तुमच्याकडे नेमकं हेच झालंय. पहिल्या खेपेला आमिष चुकलं, दुसऱ्या खेपेला घुशीने ओळखलं. तिसऱ्यांदा दुप्पट घातलं तर फक्त दुकानदाराचा गल्ला भरेल.

दुसरी चूक वेळेची. शेतात लोंब्या, खळ्यावर भात, मागे पेंढ्यांची उडवी. पोट भरलेला उंदीर तुमची पुडी कशाला उघडेल? ऑक्टोबर-नोव्हेंबरात विष घालणं म्हणजे पैसे बिळात पुरणं. विषाची वेळ मे महिना ते पावसाआधीचे दिवस. तेव्हा शेतात खायला काही नसतं, उंदीर घराच्या आणि गडग्यांच्या आसपास गोळा झालेले असतात आणि पिल्लावळ अजून वाढलेली नसते. घूस साधारण तीन आठवड्यांत विते, एका वेळी सहा-आठ पिल्लं. मे महिन्यातली एक मादी मारली की दिवाळीची फौज टळते.

मे महिन्यात करायचं ते असं. संध्याकाळी परड्यातली सगळी बिळं मातीने बुजवा. सकाळी जी उघडी दिसतील तीच चालू. घुशीच्या चालू बिळाच्या तोंडाशी ताज्या मातीचा ढीग असतो, ओलसर आणि गडद. कालची माती उन्हाने फिकट पडलेली असते. फरक उभ्या उभ्या दिसतो. पहिले दोन-तीन दिवस नुसती कणी तेलात घोळून बिळाशी ठेवा, विष नाही. खायची सवय लागली की ९६० ग्रॅम कणी, २० ग्रॅम खोबरेल किंवा शेंगदाणा तेल आणि २० ग्रॅम झिंक फॉस्फाईड, काठीने, उघड्यावर, हातमोजे घालून कालवा. एका चालू बिळात कागदाच्या पुडीत १० ग्रॅम, आत सरकवून, आणि तोंड पाल्याने हलकं झाका. शिजलेल्या भातात कालवू नका. हा सल्लाही दुकानातूनच येतो. ओल लागली की विषारी वायू सुटतो, औषध फुकट जातं आणि कालवणाऱ्याच्या नाकात जातं. पावसाची चिन्हं असतील त्या दिवशी घालूच नका. दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्याबरोबर मेलेले उंदीर गोळा करून दोन फूट खोल पुरा. पायवाटेला किंवा ओढ्यात टाकू नका. झिंक फॉस्फाईडवर उतारा नाही. कुणाच्या पोटात गेलं तर घरगुती उपाय करत बसू नका, डबा सोबत घेऊन थेट दवाखाना गाठा.

एका हंगामात झिंक फॉस्फाईड एकदाच. आठ-दहा दिवसांनी पुन्हा बिळं बुजवून बघा. जी उघडतील तिथे ब्रोमॅडिओलोन ०.००५ टक्क्याच्या तयार वड्या. त्याने उंदीर चार ते सात दिवसांनी मरतो, आणि इथेच लोक फसतात. तिसऱ्या दिवशी उंदीर फिरताना दिसला की दुकानदाराकडे धाव, आणि तो आणखी जहाल काहीतरी हातात ठेवतो. अहो, उशिरा मरतो म्हणूनच बाकीच्यांना संशय येत नाही. आठवडाभर थांबा. वड्या उघड्यावर टाकू नका. बांबूचं हातभर नळकांडं कापून त्यात ठेवा, म्हणजे कोंबडी आणि कुत्रं पोचत नाही. यावर व्हिटॅमिन के-१ हा उतारा आहे, पण तो डॉक्टरांनी द्यायचा.

सल्फासच्या गोळ्या, म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाईड, घरात किंवा घराला लागून अजिबात नाही. ती सर्वसाधारण माणसाला विकायचीच नाही, सरकारी यंत्रणा आणि परवानाधारक कीडनियंत्रकांसाठीच आहे. बंद खोलीत तिच्या वायूने झोपेत माणसं गेली आहेत. ट्यूबमधली पिवळ्या फॉस्फरसची पेस्टही नको. खाल्ल्यावर माणूस एक-दोन दिवस बरा वाटतो आणि मग यकृत जातं. पावाला लावून माळ्यावर ठेवलेली ती पेस्ट मुलांच्या हाती लागते.

मग आत्ता, कापणीत, काय करायचं? सापळे आणि सफाई. घरात आणि गोठ्यात तर बारा महिने फक्त सापळाच. भाजलेलं खोबरं किंवा सुकट लावा, भिंतीच्या कडेने ठेवा, कारण उंदीर मधून धावत नाही. पहिले दोन दिवस सापळा न लावता नुसतं खाणं ठेवा, नवीन वस्तूला तो बिचकतो. एक सापळा आणून काही होत नाही, निदान पाच-सहा एकदम लावा. चिकट पुठ्ठे आणू नका. त्यात पाल, खार आणि सापही अडकतो आणि मग तो सोडवायला आम्हाला फोन येतो. उडवी जमिनीवर रचू नका, मांडव करून वर रचा. कोंबड्यांचं खाणं रात्री उचला. दारं-खिडक्यांना आणि भात ठेवता त्या खोलीच्या झरोक्यांना करंगळी जाणार नाही अशी जाळी लावा. मांजर लहान उंदीर धरतं, मोठ्या घुशीपुढे तेच मागे सरतं, मांजरावर भिस्त ठेवू नका. चिचुंद्री मात्र मारू नका. वास मारते खरी, पण किडे खाते, तुमचं भात खात नाही.

देवगडच्या प्रश्नाबद्दल: आधी खाली पडलेलं फळ उचलून बघा. देठाजवळ गोल भोक आणि कडेला दातांच्या खाचा असतील तर उंदीर. भोक नसताना बोंडं गळत असतील तर ते खत-पाण्याचं किंवा कोळी किडीचं दुखणं आहे, उंदराला दोष देऊ नका. उंदीरच असेल तर माझा पहिला आणि दुसराही सल्ला एकच, पत्रा. ४० सेंटिमीटर रुंदीची गुळगुळीत पत्र्याची पट्टी, जमिनीपासून दोन मीटरवर, खोडाला घट्ट. उंदराचे पाय त्यावर ठरत नाहीत. एकदा बसवला की वर्षानुवर्षं चालतो, विष नाही, नारळ उतरवणाऱ्या पाडेल्याला त्रास नाही. फक्त शेजारच्या माडाच्या झावळ्या एकमेकांत गेलेल्या असतील तर एका माडाला पत्रा मारून उपयोग नाही, उंदीर वरूनच उडी मारतो. दाट बागेत दर पाच माडांतल्या एकाच्या शेंड्यात ब्रोमॅडिओलोनची १० ग्रॅमची वडी, बारा दिवसांच्या अंतराने दोनदा. प्रत्येक माडावर ठेवायची गरज नाही. दुकानदार प्रत्येक माडाचा हिशेब करून देतो, तो घेऊ नका.

आणि हे सगळं एकट्याने करू नका. तुमचं परडं साफ झालं आणि शेजारच्या गडग्यात बिळं तशीच राहिली, तर महिन्याभरात तेच उंदीर तुमच्याकडे. मे महिन्यात अख्ख्या वाडीने एकाच संध्याकाळी बिळं बुजवायची आणि एकाच दिवशी पुड्या घालायच्या. ग्रामसभेत तारीख ठरवा, कृषी सहायकाला बोलवा, तो येईल. धामण आणि घुबड दिसलं तर राहू द्या. बांधावर उंच आडवी काठी रोवली की घुबड रात्री तिथे बसतं. पण विषाने मेलेला उंदीर उघड्यावर राहिला आणि त्याने खाल्ला, तर फुकटचा राखणदार गेला.

वानरं, साळिंदर, डुक्कर, मुंगूस ही वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खालची जनावरं. विष, फासकी, गावठी बॉम्ब काही नाही. वायरमनची ओळख काढून कुंपणात घरगुती लाईनचा करंट सोडणारे आहेतच. पहाटे पाणी सोडायला गेलेला शेजारी त्यात मरतो आणि मग सदोष मनुष्यवधाचा गुन्हा लागतो. करंट हवा असेल तर सौर कुंपणाचं यंत्रच, जे झटका देतं, मारत नाही. साळिंदरासाठी जाळी दीड फूट जमिनीत गाडा, नुसती वरची उंची बिनकामाची. वानरांना खायला घालणं आधी थांबवा. देवळासमोर केळी द्यायची आणि परड्यात दगड मारायचे, हे एकत्र चालत नाही. केळीचा घड गोणपाटाने बांधा, पपई कच्ची असतानाच उतरवा.

नुकसान झालं तर फोटो काढून तीन दिवसांच्या आत वनरक्षकाकडे लेखी अर्ज, मग पंचनामा. सातबारा, बँक पासबुक सोबत. सौर कुंपणाचं अनुदान जंगलालगतच्या निवडक गावांना आहे, यादीत गाव आहे का ते वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारा. उंदराच्या नुकसानीला वनखात्याची भरपाई नाही.

कापणीत चिखलात अनवाणी उतरू नका, विशेषतः पायाला जखम असेल तर. उंदराच्या मुताने लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा ताप) होतो. ताप आणि पोटऱ्या दुखू लागल्या तर शेतात काम करता हे डॉक्टरांना सांगा.

एका ताईंनी आवाज करून उंदीर पळवणाऱ्या यंत्राबद्दल विचारलंय. घेऊ नका. चार दिवस उंदीर बिचकतात, पाचव्या दिवशी यंत्राशेजारीच बसतात. त्या पैशांत दोन माडांचा पत्रा येईल.