वाचकांचे प्रश्न : छडीविना वृंद

प्रश्न : नुकताच विद्यार्थ्यांच्या तंतुवाद्यवृंदाचा कार्यक्रम ऐकला. समोर छडी हलवून लय दाखवणारं कुणीच उभं नव्हतं. शिक्षक मुलांमध्येच बसून वाजवत होते. मग सगळे एकदम सुरू कसे होतात?
– एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

पुढच्या वेळी पहिल्या व्हायोलिनच्या (वरचा भाग वाजवणाऱ्या गटाच्या) पहिल्या खुर्चीकडे बघा. तिथले शिक्षक वाजवण्याआधी बरोबर एका मात्रेचा श्वास घेतात, त्याबरोबर व्हायोलिनचं डोकं किंचित वर जातं आणि गज उचलला जातो. त्या एका मात्रेतच लय सांगून झालेली असते. श्वास घाईचा झाला तर संथ रचनाही पळत सुटते. हळुवार सुरुवात असेल तर गज हवेतून तारेवर आणायचा नाही, आधीच तारेवर टेकवून ठेवायचा. नाहीतर प्रत्येकाचा वेगळा ठिपका ऐकू येतो.

मागच्या रांगेतली मुलं उशिरा वाजवतात, कारण ती पुढचा आवाज कानावर पडण्याची वाट बघतात. त्यांनी बघायचं ते पुढच्या जोडीच्या गजाकडे, ऐकायचं चेलो आणि बासकडे (ही खालच्या स्वरांची मोठी तंतुवाद्यं). तालमीचा एक उपाय हमखास लागू पडतो : शिक्षकांनी आठ आवर्तनं वाजवून गज खाली ठेवायचा आणि मुलांना पुढे जाऊ द्यायचं. लय तिथेच ढासळली तर वृंद अजून शिक्षकांच्या पाठीवर बसलेला आहे असं समजावं.

शिक्षक सहसा प्रत्येक विभागाच्या पहिल्या खुर्चीवर असतात. त्यांनी मुलांपेक्षा मोठ्यानं वाजवू नये; मोह होतो, पण मग मुलं गज अर्धवटच ओढतात. तालमीची शेवटची दहा मिनिटं एकेका शिक्षकानं सभागृहाच्या मागच्या रांगेत जाऊन ऐकावं. गजाच्या खुणा सगळ्यांच्या कागदावर पेन्सिलनं एकसारख्या हव्यात. नुसत्या खाली-वरच्या नव्हे, गजाचा कोणता भाग हेही लिहा. दोघांचा गज खालीच चाललाय, पण एकाचा मुठीपाशी आणि दुसऱ्याचा टोकापाशी, तर आवाज जुळत नाही.

प्रश्न : आमच्या मंडळात तंतुवाद्य वाजवणारे १४ जण आहेत. वाटणी कशी करावी? पहिल्या कार्यक्रमाला काय घ्यावं?
– एक वाचक, रावपुरा

पहिली व्हायोलिन ४, दुसरी ४, व्हायोला (व्हायोलिनपेक्षा जराशी मोठी, खालच्या स्वराची) ३, चेलो २, बास १. दोघांत स्वरलिपीचा एक स्टँड धरला तर ८ स्टँड लागतात (व्हायोलातल्या एकाला आणि बासला स्वतंत्र). पान उलटण्याचं काम श्रोत्यांपासून लांबच्या खुर्चीवरच्या वादकाचं, बाहेरचा वाजवत राहतो. हे आधी ठरवा. दोघंही एकदम हात पुढे करतात तेव्हा त्या आवर्तनात नुसती शांतता उरते.

मोझार्टचं के. ५२५ (त्याच्या रचनांच्या यादीतला क्रमांक), म्हणजे १७८७ चं ‘छोटं रात्रसंगीत’, प्रत्येक भागाला एकेका वादकावरही उभं राहतं. चायकोव्स्कीचा तंतुवाद्यांचा सेरेनेड (ओपस म्हणजे रचनाक्रमांक ४८, १८८०) मात्र इतक्यात नको. तंतुवादक जितके जास्त तितकं बरं, असं त्यानं स्वरलिपीवरच लिहून ठेवलंय. चौदा जणांत तो भुकेला वाटतो.

प्रश्न : मुलगी सात वर्षं हिंदुस्थानी पद्धतीनं व्हायोलिन शिकतेय. ती अशा वृंदात बसू शकेल का?
– एक पालक, मांजलपूर

बसू शकेल, पण तीन गोष्टी बदलाव्या लागतील.

पहिली, तारा. पाश्चात्त्य पद्धतीत खालून वर जी, डी, ए, ई. शेजारच्या कोणत्याही दोन तारांत सा ते प एवढंच अंतर. तुमच्याकडे तारा सा-प, सा-प अशा लावलेल्या असतील तर मधल्या जोडीत प ते सा, म्हणजे मध्यमाएवढं अंतर पडतं आणि बोटांचा सगळा हिशेब वेगळा होतो. एकाच व्हायोलिनवर दोन्ही करू नका. उतरवून पुन्हा चढवलेली तार काही दिवस स्थिर राहत नाही. दुसरं वाद्य साधं, स्वस्त असलं तरी चालेल.

दुसरी, बैठक. मांडी घालून बसल्यावर व्हायोलिनचं डोकं पायावर टेकतं, त्यामुळे डावा हात मोकळा राहतो. खुर्चीवर तो मोकळेपणा हनुवटी आणि खांद्यातून आणावा लागतो, नाहीतर अंगठा व्हायोलिनच्या मानेला घट्ट धरून बसतो. व्हायोलिनखाली, खांद्यावर टेकणारी आधाराची पट्टी लावा आणि पहिले काही आठवडे रोज दहा मिनिटं नुसतं धरायचा सराव करा.

तिसरी, मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं. एकटीच्या वादनात तिचं सौंदर्य असतं, चार जणींची मात्र एकसारखी जात नाही आणि स्वर चिखलासारखा होतो. वृंदात स्वरावर थेट बोट ठेवायचं.

कान मात्र बदलू नका. तानपुऱ्यावर बसलेला शुद्ध गंधार पियानोच्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) खाली असतो; सा पासून ३८६ विरुद्ध ४००. सोबत पियानो नसेल तर मोठ्या स्वरसंवादात (सा-ग-प एकत्र) हाच खालचा गंधार सुंदर मिसळतो. पियानो आला की त्याच्याशी जुळवून घ्यायचं. त्यामुळे मुलीला आधी दुसऱ्या व्हायोलिनमध्ये बसवा, तिथे मधले स्वर जास्त वाट्याला येतात आणि तिची तालीम कामी येते. स्वरलेखनाचीही भीती नको. संगीतज्ञ मौलाबक्षांची गायनशाळा बडोद्यात १८८६ साली सुरू झाली, आणि कागदावरचे स्वर या गावाला तेव्हापासून परके नाहीत. पाश्चात्त्य स्वरलेखनाचा पाच ओळींचा पट नवा वाटेल एवढंच.

प्रश्न : घरी सूर बरोबर लागतो, एसी सभागृहात गेल्यावर बिघडतो. खुंट्याही पावसाळ्यात अडकतात, हिवाळ्यात निसटतात.
– एक विद्यार्थी, फतेगंज

दोन्ही बाबतीत दोष वाद्याचा नाही, हवेचा आहे. थंड हवेत तारा आकसून सूर चढतो, रंगमंचाच्या दिव्यांखाली तारा तापून उतरतो. व्हायोलिन पेटीत बंद न ठेवता कार्यक्रमाआधी तासभर सभागृहातच उघडी ठेवा, शेवटची जुळणी दिवे लावल्यावर करा. ए ४४० (सेकंदाला ४४० कंपनांचा जुळणीचा स्वर) सगळ्यांनी एकाच व्हायोलिनकडून घ्यायचा, प्रत्येकानं आपापल्या फोनवरून नाही.

खुंट्यांचं कारण ओलावा. पावसाळ्यात लाकूड फुगतं, कोरड्या हवेत आकसतं. निसटणारी खुंटी फिरवताना आत दाबायची, खडूचा थोडा चुरा लावायचा. अडकणाऱ्या खुंटीला खुंटीचा खास लेप, तेल अजिबात नाही. सूर चढवताना घोडी (तारांखालचा लाकडी पूल) हळूहळू बोटांच्या पट्टीकडे झुकते. ती दर आठवड्याला सरळ आहे ना बघा, कारण कलंडली तर वरचा भागही तडकू शकतो. चारही तारा एकदम काढल्या तर आतली खुंटी, म्हणजे ध्वनिस्तंभ, पडू शकते आणि ती उभी करणं घरचं काम नाही. तारा एकेक बदला. वाजवून झाल्यावर गज सैल करा.

प्रश्न : व्हायोला वाजवणारा कुणी नाही. तिसरं व्हायोलिन चालेल का?
– एक वाचक, वारसिया

चालेल, पण भाग नव्यानं लिहावा लागतो. व्हायोलाची सर्वांत खालची तार सी, व्हायोलिनची जी. त्यामधले स्वर व्हायोलिनला मिळत नाहीत, ते वर उचलावे लागतात. आणि व्हायोलाची स्वरचावीही (कोणत्या ओळीवर कोणता स्वर हे सांगणारी खूण) वेगळी असते, म्हणून कागद तसाच पुढे सरकवू नका. बास नसेल तर एका चेलोला बासचा भाग द्या. एक सप्तक वर ऐकू येईल, पण पाया राहील.