सुटका झालेल्या कबुतरांना घर देताना

आपण दोन जखमी कबुतरांना कायमचा आसरा देण्याचे ठरवले, हे वाचून आनंद झाला. त्यांना कोणती औषधे आणि जीवनसत्त्वे द्यावीत, असे आपण विचारले आहे; पण तो विचार तूर्त बाजूला ठेवावा.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे विलगीकरण. नवा पक्षी कितीही टवटवीत दिसला तरी त्याला निदान 30 दिवस इतरांपासून वेगळे ठेवावे, रोज त्याची विष्ठा पाहावी आणि पाय उजेडात धरून बोटांभोवती केस किंवा दोरा अडकला आहे का, हे तपासावे. माझ्याकडे आलेल्या एका मादीच्या बोटात दोरा इतका रुतला होता की वरून केवळ सूज दिसत होती.

नवशिक्यांच्या नेहमीच्या चुका अशा:

- चोचीत पाणी ओतणे. ते श्वासनलिकेत जाऊ शकते. कबूतर चोच बुडवून पाणी ओढते, म्हणून भांडे खोलगट असावे.
- मोठ्या छिद्रांची जाळी. तिच्यातून मांजराचा पंजा सहज आत जातो.
- पिल्ले होऊ नयेत म्हणून अंडी नुसती उचलणे. मादी लवकरच पुन्हा दोन अंडी घालते. त्याऐवजी तिथे खोटी अंडी ठेवावीत.

खुराडे झाडताना मास्क मात्र न चुकता लावावा, कारण पिसांची आणि विष्ठेची धूळ फुप्फुसांना बाधते.