वर्डलमध्ये चार हिरवे येऊनही स्ट्रीक का जाते

वर्डल म्हणजे रोज एक पाच अक्षरी इंग्लिश शब्द सहा चान्समध्ये ओळखायचा गेम: अक्षर बरोबर जागी असेल तर हिरवं, शब्दात असून जागा चुकली तर पिवळं, नसेलच तर राखाडी, आणि सलग जिंकलेल्या दिवसांची मोजणी म्हणजे स्ट्रीक. तुम्ही विचारलंय की हार्ड मोडवर (जिथे सापडलेली अक्षरं पुढच्या प्रत्येक शब्दात वापरावीच लागतात) दुसऱ्याच ओळीत लाइट टाकला, शेवटचे आय-जी-एच-टी चारही हिरवे झाले, आणि पुढे चार चान्स असूनही स्ट्रीक गेली, तर असे पाच अक्षरी शब्द आहेत तरी किती, आणि यादी पाठ करायची का. यादी देतेच, लहान आहे. फाइट, लाइट, माइट, नाइट, राइट (बरोबरवाला, डब्ल्यूवाला लिहिण्याचा नाही), साइट (नजरेची, वेबची नाही), टाइट, आणि एट (ई-आय-जी-एच-टी, म्हणजे आकडा आठ). आठ झाले. बी किंवा डब्ल्यू लावूनही डिक्शनरीत शब्द सापडतात पण ते रोजच्या वापरातले नाहीत, मी त्यांच्यावर चान्स घालवत नाही. जॉश वॉर्डलने २०२१ मध्ये हा गेम लोकांसाठी खुला केला तेव्हा साधारण १२,००० पाच अक्षरी शब्दांमधून त्याची पार्टनर पलक शाहने ओळखीचे तेवढे चाळून सुमारे २,५०० ठेवले होते, म्हणून अगदीच अगम्य शब्द उत्तर म्हणून सहसा येत नाहीत. न्यूयॉर्क टाइम्सने जानेवारी २०२२ मध्ये गेम विकत घेतला तरी त्याची चव तीच राहिलीये.

आता तुमचा हिशोब बघा. हार्ड मोडमध्ये हिरवं अक्षर जागचं हलवता येत नाही, म्हणजे चार हिरवे झाले की प्रत्येक ओळीत तुम्ही फक्त एक अक्षर तपासताय. लाइट गेला, उरले सात, चान्स चार. पहिल्या शब्दाने त्यातलं काही बाद केलं नसेल तर सातात तीन वेळा हरणारच, कितीही डोकं चालवा. म्हणून चार हिरवे बघून मला आता आनंद होत नाही, पोटात गोळा येतो :)

पण तुमच्या पोस्टमध्ये मला जास्त इंटरेस्टिंग वाटलं ते हे की उत्तर एट होतं आणि तुम्ही म्हणताय "तो सुचलाच नाही". कसा सुचणार! आपण सगळेच यमक जुळवत शब्द शोधतो, फाइट माइट नाइट असं तोंडातल्या तोंडात म्हणत, आणि एट त्या चालीत बसत नाही. स्पेलिंगच्या कुटुंबात आहे, आवाजाच्या कुटुंबात नाही. हे एकट्या एटचं नाही. ए-टी-सी-एच घ्या: कॅच, मॅच, पॅच, बॅच, लॅच, हॅच, आणि मग वॉच, जो कानाला वेगळाच लागतो. ओ-यू-एन-डी घ्या: साउंड, राउंड, पाउंड, बाउंड, माउंड, हाउंड, फाउंड, आणि आठवा वूंड, जखमवाला. मी स्वतः वॉचवर एकदा आणि वूंडवर दोनदा मार खाल्लाय. ओ-यू-जी-एच तर विचारूच नका, रफ, टफ, कॉफ, डो, बाउ, पाच शब्द आणि चार तऱ्हा. त्यामुळे माझा नियम असा की यमक बंद, ए ते झेड एकेक अक्षर पुढे लावत जायचं, हातात कागद असेल तर कागदावर. दुसरे राहून जातात ते डबल अक्षरवाले, टाइटमध्ये दोन टी, हॅचमध्ये दोन एच, कारण "टी तर शेवटी वापरलाय" असं मन धरून बसतं.

(थोडं अवांतर: हा जी-एच उगाच घुसडलेला नाही, जुन्या इंग्लिशमध्ये तिथे घशातून काढायचा ख-सारखा आवाज होता, जर्मनमध्ये तो अजून आहे, आख्ट म्हणजे आठ, नाख्ट म्हणजे रात्र. आपला आठ आणि त्यांचा एट मुळात एकाच शब्दाचे, संस्कृत अष्ट त्याच घरातला, आणि नाइटचा नातेवाईक म्हणजे आपल्या व्रतवैकल्यांतला नक्त. इंग्लिशने आवाज टाकला पण स्पेलिंग जपून ठेवलं, आणि ते आता आपली स्ट्रीक खातंय.)

नॉर्मल मोडवर असाल तर उपाय सोपा आहे, एक ओळ मुद्दाम फुकट घालवायची. आय-जी-एच-टी अडकलं की फर्न्स टाका. एफ, ई, आर, एन, एस पाचही एका झटक्यात तपासले जातात, एक जरी पेटला तरी उत्तर मिळालं, नाही पेटला तर लाइट, माइट, टाइट एवढेच राहतात. ए-टी-सी-एचला प्लंब, म्हणजे शेवटी मुका बी असलेला, त्यात पी, एल, एम, बी चारही. ओ-यू-एन-डीला श्रब, त्यात एस, एच, आर, बी, अर्धं घर साफ.

हार्ड मोडवर हे चालत नाही, तिथे सापळ्यात शिरायच्या आधीच काम उरकावं लागतं. मी पहिली ओळ स्लेट टाकते. समजा फक्त टी पिवळा आला, बाकी राखाडी, म्हणजे साइट, लाइट, एट तिथेच बाद. आता मोह होतो नाइट टाकायचा, तो आवरायचा आणि फ्रंट टाकायचा. टी आहेच त्यामुळे नियमात बसतो, आणि एफ, आर, एन तिन्ही तपासले जातात, तेही जी-एच लॉक न करता. एफ हिरवा झाला तर फाइट, आर पिवळा तर राइट, एन पिवळा तर नाइट, काहीच नाही तर माइट किंवा टाइट, आणि हातात अजून चार चान्स. अर्थात उत्तर या कुटुंबातलं असेलच असं नाही, पण असलं तर तुम्ही वाचलात, आणि नसलं तरी फ्रंट काही वाईट शब्द नाही.

तुमची पहिली ओळ काय होती ते लिहिलेलं नाही तुम्ही. टाका इथे, त्यात ई असता तर एटचा ई तेव्हाच पिवळा किंवा हिरवा झाला असता, त्यामुळे नसणारच असा माझा अंदाज आहे.