धीर आजच्यापुरताच पुरे

मित्रा, दारू सोडायची भीती वाटते हे तू मोकळेपणाने बोललास, हे फार मोठं काम केलंस. सध्या एवढंच बघ.

आधी डॉक्टर. रोज पिणाऱ्याने स्वतःच्या मनाने एकदम दारू तोडली तर पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भास होतात, जिवावरही बेततं. मुंबईत परळच्या केईएम हॉस्पिटलमध्ये व्यसनमुक्तीचा विभाग आहे. घराबाहेर पडवत नसेल तर १४४४६ या मोफत सरकारी नंबरवर बोल.

मग संध्याकाळ. ऑफिस सुटलं, स्टेशनबाहेर आलास की पाय आपसूक बारकडे वळतात. पुलाच्या दुसऱ्या बाजूने उतर, चालता चालता कुणाला तरी फोन लाव. तलफ बहुतेक वेळा अर्ध्या तासात ओसरते. पोट मात्र रिकामं ठेवू नकोस. वडापाव खा, पण खा.

नवीन माणसं हमखास कुठे चुकतात सांगू? 'मी नुसता सोडा घेतो' म्हणत जुन्या कंपूत जाऊन बसतात. आणि घसरले की लाजेने आपल्या दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगला येणंच बंद करतात. घसरलास तर त्याच दिवशी ये. कुणी रागावणार नाही.

उधारी, घरच्यांचा विश्वास, ते सगळं नंतर. एकट्याने यायला जड जात असेल तर कळव, दादर स्टेशनवर घ्यायला येतो.